जर्नल अर्धं राहिलं

"काका, बाहेर जायचं म्हणतोय."

नाशिकमधल्या आमच्या सातपूरच्या कॉलनीत हे वाक्य मी वर्षातून दहा-बारा वेळा तरी ऐकतो. बोलणारा वीस-एकवीसचा. हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात पासपोर्टची झेरॉक्स, मोबाइलमध्ये कुठल्याशा एजंटाचा व्हॉइस मेसेज. बरोबर बहुतेक वेळा आई असते. पोरगा चपला काढेपर्यंत तीच सांगून टाकते, "शेवटचं वर्ष राहिलंय हो त्याचं."

मी कोणी समुपदेशक नाही. अंबडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात परचेसला आहे. पण २००३ साली, विसाव्या वर्षी, टीवाय बीएस्सीची फी भरलेली असताना केमिस्ट्रीचं जर्नल अर्धं टाकून मी दुबईला गेलो आणि साडेपाच वर्षांनी परत आलो, एवढं गल्लीला माहीत आहे. तेवढ्या भांडवलावर लोक विचारायला येतात. तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून एकदा लिहून काढतोय. आकडे घातलेत ते सोयीसाठी. पहिला मुद्दा सर्वांत मोठा असं काही नाही. मोठा दुसरा आहे.

१. घाई कोणाची आहे ते आधी बघा

माझ्या वडिलांनी २००१ मध्ये व्हीआरएस घेतली. तेव्हा सातपुरात घरटी एक तरी व्हीआरएसवाला होता. सकाळी नऊ वाजता लुंगीवर पेपर वाचत बसलेली पन्नाशीची माणसं मी पहिल्यांदा तेव्हाच पाहिली. पैसे आले, घराच्या दुरुस्तीत गेले. ताईचं लग्न फेब्रुवारी २००४ मध्ये करायचं ठरलं होतं. अशात जुलै २००३ मध्ये वडिलांच्या ओळखीतल्या एकाने मुंबईच्या एजंटाचा पत्ता दिला. एजंट म्हणाला, "व्हिसा तयार आहे, पंधरा दिवसांत माणूस पाहिजे, नाहीतर दुसऱ्याला देतो." पासष्ट हजार रुपये. आईच्या पाटल्या सराफ बाजारात गहाण गेल्या, उरलेले पतसंस्थेतून आले आणि १७ ऑगस्टच्या रात्री मी ट्रॅक्सने कसारा घाट उतरलो.

परीक्षा एप्रिलमध्ये होती. आठ महिने.

घरात कोणीच विचारलं नाही, मीही नाही, की पंधरा दिवसांची घाई नेमकी कोणाला आहे? ताईच्या लग्नाला माझा पगार पोचणार नव्हताच. पहिले सहा महिने तो पतसंस्थेकडे जाणार होता. लग्न शेवटी मामांनी उसने दिले त्यावर झालं. घाई एजंटाला होती, कारण त्याला एका खेपेत वीस माणसं पाठवायची होती आणि एकोणीस झाली होती. पुढे तिकडे असताना पाहिलं, आमच्या कंपनीने पुढच्या जूनमध्ये आणखी माणसं नेली, त्याच कामाला, त्याच पगारावर. मी परीक्षा देऊन त्या खेपेत आरामात गेलो असतो.

तेव्हापासून कोणी "पंधरा दिवसांत" म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो.

२. व्हिसावर हुद्दा काय लिहिलाय?

मला सांगितलं होतं स्टोअरकीपर. पासपोर्टवर शिक्का बसला तो हेल्परचा. इंग्रजीच्या बाजूने अरबी मजकूर, खाली माझा फोटो. मी फोटोच बघत बसलो. पहिल्यांदाच टाय लावला होता.

राहायला सोनापूरचा लेबर कॅम्प. दुबईत त्या भागाला सोनापूर म्हणतात हे ऐकून गिरगावातली मावशी फोनवर गप्पच झाली, कारण मुंबईकरांचं सोनापूर म्हणजे मरीन लाइन्सचं स्मशान. एका खोलीत आठजण, आणि काम अल कूझच्या यार्डात. काम खरं म्हणजे स्टोअरचंच होतं, म्हणजे मी स्टोअरकीपरची कामं हेल्परच्या पगारात करायचो. ते एक वेळ चाललं असतं. खरा धडा दीड वर्षानंतर मिळाला.

आमच्या कंपनीचा रेडीमिक्स काँक्रीटचा वेगळा प्लांट होता आणि त्याला छोटी लॅब होती. काँक्रीटचे ठोकळे सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी मशीनखाली फोडायचे, पाण्यात आणि खडीत क्लोराइड किती, सल्फेट किती ते काढायचं. एक दिवस मी माल पोचवायला गेलो तर तिथला माणूस सिल्व्हर नायट्रेटचं टायट्रेशन करत होता. ब्यूरेटमधून थेंब थेंब पडतोय, फ्लास्कमधला पिवळा रंग विटकरी व्हायला लागलाय. हा प्रयोग मी कॉलेजच्या लॅबमध्ये केला होता, जर्नलमध्ये लिहिला होता, सरांची लाल सही होती त्यावर. मी सहज म्हणालो, "एक थेंब जास्त झाला." तो हसला. लॅबचा सुपरवायझर नाही हसला. त्याने नाव विचारलं.

महिन्याभराने त्या लॅबमध्ये टेक्निशियनची जागा निघाली. अठराशे दिरहम, खोलीत दोघेच, आणि मुख्य म्हणजे एसी. सुपरवायझरने स्वतः माझं नाव पुढे केलं. ऑफिसमधून निरोप आला: डिग्रीचं अटेस्टेड सर्टिफिकेट आणा. एसवायची मार्कशीट दाखवली. ऑफिसातल्या बाईंनी ती उलटीपालटी करून परत दिली आणि विचारलं, "हे दुसऱ्या वर्षाचं आहे ना? तिसऱ्याचं कुठे?"

जागा माझ्याच खोलीतल्या एका मल्याळी मुलाला मिळाली. तोही बीएस्सी, माझ्याच वयाचा, आणि खरं सांगायचं तर टायट्रेशनमध्ये माझ्याहून कच्चा. पण त्याच्याकडे काळ्या रेक्झिनचं फोल्डर होतं आणि त्यात डिग्री, तिच्या पाठीवर शिक्क्यावर शिक्के. केरळने १९९६ मध्येच परदेशी गेलेल्या आपल्या माणसांसाठी राज्याचं वेगळं खातं काढलं होतं, नोर्का. तिथला पोरगा घरून निघतानाच हे शिक्के मारून निघतो, जसे आपण निघताना आईने बांधून दिलेल्या दशम्या घेऊन निघतो. दशम्या तिसऱ्या दिवशी संपतात.

म्हणून मी पोरांना सांगतो की डिग्री नसली तरी पहिली नोकरी मिळते. हेल्पर, ड्रायव्हर, वेटर, पॅकिंग यांना कोण डिग्री विचारतो? ती लागते दुसऱ्या नोकरीला, हुद्दा बदलायच्या दिवशी. आणि तो दिवस तुम्ही परक्या देशात, पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, अशा अवस्थेत असताना येतो. पासपोर्ट असा कंपनीने ठेवणं तिथल्याही कायद्यात बसत नाही, हे मला परत आल्यावर कळलं.

३. एकूण पगार विचारू नका, बेसिक विचारा

यात फार बोलण्यासारखं नाही, फक्त हिशेब आहे. मला बाराशे दिरहम सांगितले होते. प्रत्यक्षात बेसिक सातशे, जेवणाचे दीडशे, उरलेला ओव्हरटाइम. म्हणजे काम निघालं तर. तेव्हा दिरहम साडेबारा रुपयांच्या आसपास होता, त्यामुळे महिन्याला तेरा हजार पडायचे. सातपुरात ट्रेनीला अडीच-तीन हजार मिळत होते, त्या मानाने चांगलेच. मीही खूश होतो.

पण तिथे नोकरी सुटताना जी ग्रॅच्युइटी मिळते ती बेसिकवर. पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा बेसिक पगार, पुढे वर्षाला ३०. माझी साडेपाच वर्षं झाली. सातशेच्या हिशेबाने हातात आले २,८०० दिरहम, म्हणजे त्या वेळचे सुमारे ३७,००० रुपये. बाराशे बेसिक असतं तर ४,८०० आले असते. एजंटाला दिले होते पासष्ट हजार.

आता नियमाने परवानाधारक एजंटाला ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं, आणि परवाना खरा आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाच मिनिटांत दिसतं. पाच मिनिटं. तरी पोरं बघत नाहीत. एजंटाच्या ऑफिसातला बुर्ज खलिफाचा फोटो बघतात.

यात एक गोम आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. दहावी पास असलेल्याच्या पासपोर्टला आखाती देशांसह अठरा देशांत कामाला जाताना सहसा सरकारी मंजुरी लागत नाही. ऐकायला बरं वाटतं. पण मंजुरी लागत नाही म्हणजे तुमचा करार जाण्याआधी कोणी सरकारी माणूस वाचतही नाही. दहावी नापास माणसाचा करार निदान एका टेबलावरून जातो. शिकलेल्याने स्वतःच वाचायचा असतो, आणि शिकलेला तो वाचत नाही, कारण आपण शिकलेले आहोत असं त्याला वाटतं. माझ्यावरून सांगतो.

४. गेलो ते वाया गेलं असं मी म्हणत नाही

वरचं सगळं सांगितलं की पोरांच्या आया नाराज होतात. त्यांना वाटतं, काका घाबरवून घरी बसवतील. पण खोटं कशाला सांगू?

आमच्या स्टोअरचा मुख्य सियालकोटचा होता, सगळे त्याला चाचा म्हणत. त्याचं शिक्षण आठवीपर्यंत. त्याने मला बिन कार्ड लिहायला शिकवलं, आधी आलेला माल आधी कसा काढायचा ते शिकवलं, पॅकिंग लिस्ट आणि चलन यांतला फरक एका नजरेत कसा पकडायचा ते शिकवलं. कंटेनर उघडला की चाचा कागदाकडे आधी बघायचाच नाही. माल मोजायचा, आकडा स्वतःच्या वहीत लिहायचा, मग कागद उघडायचा. "पहले गिनो, फिर साइन," हे त्याचं वाक्य. मोजल्याशिवाय सही केलेला एक मुलगा त्याने माझ्यासमोर स्टोअरमधून हाकलला. मी मनात म्हटलं, मी तर माझ्या अख्ख्या करारावर न मोजता सही करून आलोय.

आज अंबडला माझी नोकरी चालते ती चाचाच्या विद्येवर. हे कॉलेजात शिकवत नाहीत. शिवाय आठ माणसांच्या खोलीत राहिलं की माणसाला जे वळण लागतं, ते आईबापांनी कितीही बोलून लागत नाही. शुक्रवारी स्वयंपाकाची पाळी माझी असायची. पिठलं करायला मी दुबईत शिकलो, एका बिहारी मित्राकडून, आणि तो त्याला पिठलं म्हणत नव्हता.

५. कागद

कंटाळवाणा मुद्दा आहे, पण इथेच सर्वांत जास्त पोरं अडकतात.

आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर नाव आडनावापासून सुरू होतं: आडनाव, नाव, वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. आधारवर तिसराच क्रम, आणि स्पेलिंग जे त्या दिवशी सेंटरवरच्या मुलाला सुचलं ते. आपल्याला यात काही वाटत नाही, कारण माणूस तोच. परदेशी खिडकीत बसलेल्याला ती तीन माणसं वाटतात. मुलींचं तर लग्नानंतर चौथं नाव होतं. हे सगळं डिग्री हातात यायच्या आधी, शिकत असतानाच दुरुस्त करून घ्यावं. कॉलेजच्या ऑफिसात एका अर्जात जे होतं, त्याला नंतर गॅझेट आणि प्रतिज्ञापत्रं लागतात.

दुसरं, शेवटच्या वर्षाची मार्कशीट म्हणजे डिग्री नव्हे. पदवीदान होऊन हातात पडतं ते प्रमाणपत्र लागतं. त्यावर राज्य सरकारचा शिक्का, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, आणि संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशांसाठी त्यांच्या दूतावासाचा. जिथे अपोस्टिल, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचाच आंतरराष्ट्रीय मान्यतेचा शिक्का, चालतो तिथे शेवटची पायरी वाचते.

आणि डिग्री पुरी असली म्हणजे सुटलो असंही नाही. २०१८ मध्ये कुवेतने भारतीय इंजिनिअरांना सांगितलं की तुमच्या कॉलेजच्या कोर्सला एनबीएची, म्हणजे नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशनची मान्यता असेल तरच इंजिनिअर म्हणून परवाना नूतन होईल. दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं तिथे काम केलेली माणसं आपल्या जुन्या कॉलेजांचे फोन नंबर शोधत बसली. नाशिक जिल्ह्यात आज इंजिनिअरिंग कॉलेजं भरपूर आहेत. प्रवेश घेताना आपण कँटीन बघतो, प्लेसमेंटचा बोर्ड बघतो. कुठल्या शाखेला मान्यता आहे आणि कधीपर्यंत, हे विचारणारा बाप मला अजून भेटायचाय.

६. परत आलात की कॉलेज तिथेच असतं, वर्ष नसतं

२००८ च्या शेवटी दुबईतल्या क्रेन थांबायला लागल्या. आमच्या यार्डात आधी ओव्हरटाइम बंद झाला, मग माणसं कमी झाली. फेब्रुवारी २००९ मध्ये मी घरी आलो. सव्वीस वर्षांचा, एक मोठी बॅग, दोन घोंगड्या आणि ताईच्या मुलासाठी रिमोटची गाडी.

आठवड्याभरात कॉलेजात गेलो. मनात होतं, सहा पेपर तर द्यायचेत. क्लार्क माझ्या आधीच्या काळातलाच होता, ओळखलं त्याने. रजिस्टर काढलं, नाव सापडलं, आणि म्हणाला, "तुझा पॅटर्न बंद झाला रे." अभ्यासक्रम बदलला होता, जुन्या पॅटर्नच्या परीक्षेच्या संधी संपल्या होत्या, नव्यात यायचं तर मागचे काही पेपर पुन्हा, प्रॅक्टिकल पुन्हा, रोजची हजेरी. माझी जाण्यापूर्वीची कल्पना अशी होती की शिक्षण म्हणजे बँकेतलं फिक्स्ड डिपॉझिट, कधीही या आणि काढा. त्या काउंटरवर कळलं की ते एसटीच्या तिकिटासारखं होतं.

आताच्या पोरांचं नशीब जरा बरं आहे. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर थांबलं तर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा आणि तिसऱ्यानंतर डिग्री अशी सोय आहे. मधेच थांबून तो कागद हवा असेल तर वर थोडे कौशल्याचे क्रेडिट पुरे करावे लागतात. मिळवलेले क्रेडिट अकॅडमिक बँकेत जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. सात वर्षं हा आकडा मला फार सूचक वाटतो, कारण "दोन वर्षांसाठी" गेलेला माणूस साधारण तेवढ्याच वर्षांनी परततो. मी साडेपाचला आलो तो मंदीमुळे. नाहीतर आठ झाली असती.

तरी जायचंच असेल तर निघण्याआधी आपला क्रेडिटचा आयडी उघडून बघा, सगळी सत्रं चढली आहेत का. नसतील तर कॉलेजच्या ऑफिसात उभं राहून चढवून घ्या. दुबईहून तो फोन कोणी उचलत नाही.

७. गंगापूर धरणाच्या वाटेवरचं विद्यापीठ

माझी डिग्री शेवटी नाशिकमध्येच झाली, पण केमिस्ट्रीत नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आमच्या उशाशी आहे, गंगापूर धरणाच्या बाजूला, गोवर्धनजवळ. "ज्ञानगंगा घरोघरी" हे त्याचं ब्रीद लहानपणी बसवर वाचायचो आणि वाटायचं, हे कोणा दुसऱ्यासाठी आहे. विशीतल्या मुलाला मुक्त विद्यापीठ म्हणजे नापासांचं वाटतं. मलाही वाटायचं.

२०१० मध्ये बीकॉमला नाव घातलं. तेव्हा अंबडला स्टोअर असिस्टंट होतो. रविवारी अभ्यास केंद्रावर वर्ग. माझ्या बाकावर एक हवालदार, मागे एसटीचा कंडक्टर, पुढे तीन बायका, त्यातली एक शाळेत शिपाई होती आणि बढतीसाठी शिकत होती. शनिवारी सेकंड शिफ्ट करून रविवारी सकाळी ताळेबंद जुळवायचा. पहिल्या वर्षी अकाउंट्सच्या पेपरला माझ्या शेजारी आमच्या इमारतीतला एकोणीस वर्षांचा मुलगा बसला. "काका, तुम्ही?" म्हणाला. मी त्याला म्हटलं, "गप लिही." तो पेपर मला सुटला, त्याला राहिला. हे सांगायला अजून बरं वाटतं.

२०१३ मध्ये, तिसाव्या वर्षी डिग्री झाली. दोन वर्षांनी परचेस ऑफिसरची जागा निघाली तेव्हा एचआरने अर्जावरचा "पदवी" हा रकाना बघितला, पुढे सरकला. सात सेकंद लागले असतील. त्या रकान्यासाठी मी दहा वर्षं उशीर केला होता.

पण एक खरं सांगून ठेवतो. मुक्त विद्यापीठाची डिग्री आपल्याकडे नोकरीला, स्पर्धा परीक्षेला चालते. आखातात समकक्षता काढायची वेळ आली की शिक्षण कोणत्या पद्धतीने झालं याचं पत्र मागतात, आणि दूरस्थ असेल तर अडचण येऊ शकते. म्हणजे "जातो, तिकडून मुक्तमधून करतो, मग तिकडेच हुद्दा वाढवतो" हा जो आराखडा हल्ली पोरं आखतात, तो ज्या देशात जाणार तिथल्या नियमाशी आधी ताडून बघा.

८. जर्मनीची हवा

दोन वर्षांपासून आखाताची चौकशी कमी झाली, जर्मनीची वाढली. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, दहा हजार जागांचा आकडा पेपरात आला, आणि कॉलेज रोडवर जर्मन क्लासच्या पाट्या वाढल्या. पोरं रिक्षात बसून डेअर-डी-डास पाठ करतात. चांगलं आहे. पण पेपरातला करार म्हणजे तुमच्या हातातला व्हिसा नव्हे, हे दोनदा सांगावं लागतं.

आणि गंमत बघा. जून २०२४ पासून जर्मनीने नोकरी शोधायला येऊ देणारं जे चान्सेनकार्टे काढलं, त्याला निदान दोन वर्षांचं व्यवसाय प्रशिक्षण किंवा आपल्या देशात मान्य असलेली पदवी लागते, शिवाय थोडं जर्मन किंवा बरं इंग्रजी. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड पुरा केलेला पोरगा निदान रांगेत उभा राहू शकतो. बीईची तीन वर्षं करून सोडलेल्याकडे दाखवायला काय आहे? माझ्या ओळखीतला एक सातपूर आयटीआयचा फिटर आणि त्याचा इंजिनिअरिंग अर्धं टाकलेला चुलतभाऊ यांच्यात यावरून घरात अबोला आहे. म्हणून कोणी "डिग्री की काम?" असं विचारलं की मी उलट विचारतो, पुरं काय झालंय तुझं?

मुलींपैकी सर्वांत स्वच्छ हिशेब नर्सिंगवाल्यांचा असतो. कोर्स पुरा, नोंदणी झालेली, अनुभव दोन वर्षांचा, मग भाषा. मधल्या पायरीवरून उडी मारायची सोयच नाही. त्यांना हा प्रश्नच पडत नाही. त्यांना पडतो तो घरच्यांचा, "एकटी जाणार?" त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या वेळी कोणी विचारलं नव्हतं, एवढंच मी त्या बापांना सांगतो.

९. काय आणायला जाताय?

त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले. काय आणायचं ते ठरलेलं होतं: कॅमेरा, यंत्रसामग्री आणि सिनेमा करायची विद्या. काही आठवड्यांत परत. पुढच्या वर्षी राजा हरिश्चंद्र. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांच्या स्मारकात पोरं सेल्फी काढतात, त्यांना मी हे आवर्जून सांगतो. आपण फाळके नाही, मान्य. पण गहाण आम्हीही टाकलं होतं, आणि काय आणायचं ते मला आईच्या पाटल्या सुटेपर्यंत कोणी विचारलं नव्हतं. पाटल्या सुटल्या, मग ताईच्या लग्नाचं उसनं फिटलं, मग वरचा मजला चढवला. तोपर्यंत चार वर्षं झाली होती.

१०. परवाचा मुलगा

मार्चमध्ये एकजण आला होता. टीवाय बीकॉम, पेपर एप्रिलच्या शेवटी. कतारला एका वेअरहाउसमध्ये नोकरी, एजंट म्हणाला १० एप्रिलपर्यंत पोच. मी त्याला ऑफर लेटर वाचायला लावलं, मोठ्याने. बेसिकचा आकडा कुठेच नव्हता, एकूण होता. हुद्दा होता "वर्कर". मी म्हटलं, एजंटामार्फत कंपनीला दोन ओळींचा मेल टाक: परीक्षा आहे, १५ मेनंतर येतो, आणि बेसिक किती ते कळवा. चांगल्या कंपनीला महिन्याने काय फरक पडतो?

त्याने टाकला. उत्तर आलं नाही, एजंटानेही फोन उचलणं बंद केलं. पोरगा माझ्यावर रुसला; जिन्यात समोरून आला तरी मोबाइलमध्ये बघत जातो. त्याची आई मात्र परवा येऊन सांगून गेली की पेपर चालू आहेत. मी बरोबर केलं की त्याची एक खरी संधी घालवली, मला अजूनही ठामपणे सांगता येत नाही. कदाचित कंपनी खरी असेल आणि मेल एजंटानेच पुढे पाठवला नसेल.

तो आला होता त्या दिवशी मी त्याला पोटमाळ्यावरून माझं जर्नल काढून दाखवलं होतं. खाकी कव्हर, वर कॉलेजचं नाव, रोल नंबर. एसवायचे प्रयोग मागे तसेच, क्लोराइडचं टायट्रेशन, त्याखाली लाल सही. टीवायचा चौथा प्रयोग "उद्दिष्ट" लिहून थांबलाय. त्याच्या समोरच्या कोऱ्या पानापासून आईचं अक्षर सुरू होतं: सप्टेंबर २००३, म्हशीचं दूध, रोज एक लिटर, १२ आणि १३ तारखेला खाडा.